चार शब्दांचा मथळा

तो मथळा लिहायला मला अर्धा मिनिटसुद्धा लागला नसेल. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, शहर आवृत्तीचं पान तीन सोडायचं होतं आणि खाली उजव्या कोपऱ्यात दोन कॉलमांची जागा मोकळी होती. क्राइम रिपोर्टरने फोनवरून बातमी सांगितली. चार-पाच हिजडे पोलीस ठाण्याच्या आवारात आले, टाळ्या पिटत आरडाओरडा केला, हवालदाराशी हुज्जत घातली, शेवटी त्यांना हाकलून लावलं. मी लिहिलं, 'तृतीयपंथीयांचा पोलीस ठाण्यात धिंगाणा'. चार शब्द, दोन ओळींत मापात बसले. पान लावणारा पोरगा म्हणाला, 'झकास, भाई.' मी चहा प्यायला खाली उतरलो. साल २००८.

त्या डेस्कवर मी एकटाच मुसलमान होतो. सहकारी चांगले होते, आजही फोन करतात. पण आपल्यावरच्या बातम्यांचे मथळे मला बरोबर खटकायचे. 'विशिष्ट समाजाचा जमाव' असं आलं की मी खुर्ची ओढून वाद घालायचो. विशिष्ट म्हणजे कोण? जमाव कशावरून? पोलिसांनी सांगितलं ते खरं कशावरून? मला त्याबद्दल चिडवायचेही. त्या रात्रीच्या बातमीत मात्र मला एक शब्दही खटकला नाही. ते लोक ठाण्यात का गेले होते, एवढा साधा प्रश्न मी रिपोर्टरला विचारला नाही. हिजडे ठाण्यात कशाला जातील? धिंगाणा घालायलाच.

त्या चार-पाच जणांत आपा होती.

आपा आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. अहमदनगरच्या जुन्या भागातली गल्ली ती. एका बाजूला मशीद, दुसऱ्या बाजूला लाकडाची वखार, मध्ये आमची पंचवीस-तीस घरं. तिचं पाळण्यातलं नाव आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळे आपाच म्हणत. माझी धाकटी बहीण जन्मली तेव्हा आपा आणि तिच्या दोन चेल्या ढोलक घेऊन आल्या होत्या. अम्मीने सूप भरून गहू, गूळ, एक साडी आणि एकवीस रुपये दिले. आपाने बहिणीला मांडीवर घेऊन दुआ दिली आणि एकवीसातला एक रुपया तिच्या मुठीत कोंबून परत केला. तो रुपया अम्मीच्या डब्यात अजून आहे. रमजानमध्ये आपा रोजे ठेवायची, मोहरममध्ये सवारीला मन्नत बांधायची. तिच्या हातची शीरखुर्मा आमच्याकडे यायची, आमच्याकडून तिच्याकडे जायची. ती कोण, काय, असा प्रश्न मला दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत पडल्याचं आठवत नाही.

मग 'सडक' आला. १९९१ साल. सदाशिव अमरापूरकर आमच्या नगरचे, त्यामुळे अख्खं गाव टॉकीजवर लोटलं. कुंटणखाना चालवणारी, क्रूर, थंड डोळ्यांची 'महाराणी' त्यांनी अशी काही उभी केली की खलनायकासाठीचं फिल्मफेअर त्यांना मिळालं. आम्हा पोरांना अभिमानाने छाती फुटायची वेळ आली. अभिनय मोठाच होता, यात आजही शंका नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीत आपाला नवीन नाव मिळालं. ती नळावर आली की वखारीच्या भिंतीवर बसलेली पोरं ओरडायची, 'ए महाराणी!' त्या भिंतीवर मीही बसलेलो असायचो. आपाने पहिल्या दिवशी हसून पाहिलं. तिला वाटलं असेल, लाडाने म्हणतायत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पाणी भरायला पहाटे येऊ लागली.

बातमीचं पुढे काय झालं ते मला दोन-तीन महिन्यांनी अम्मीकडून कळलं. आपा ज्या खोलीत अकरा वर्षं राहत होती ती अम्मीच्या लांबच्या नात्यातल्या एका चाचांची. चाचा चहाच्या टपरीवर रोज मराठी पेपर वाचायचे. त्यांनी ती बातमी कात्रीने नीट कापली, घडी करून खिशात ठेवली आणि आपाच्या दारात जाऊन दाखवली. बातमीत कुणाचंच नाव नव्हतं. चाचांना नावाची गरजही नव्हती. 'पेपरमें आ गया, अब मोहल्लेकी इज्जतका सवाल है,' असं म्हणाले म्हणे. आठवड्याच्या आत आपा एका चेलीला घेऊन रेल्वे स्टेशनच्या पलीकडे पत्र्याच्या खोलीत गेली. अम्मी मला हे भाजी निवडता निवडता सांगत होती. मथळा कुणी लिहिला ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

पुढे ती नोकरी सुटली, दुसरी लागली. कात्रण मात्र मी जुन्या अंकांतून काढून ठेवलं होतं. कशासाठी, ते सांगता येणार नाही.

कायद्याच्या अंगाने हा विषय वाचायला लागलो तेव्हा पहिल्यांदा हात लागला तो १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. आपल्याकडे तो पारधी, कैकाडी यांच्या संदर्भात सांगितला जातो, ते बरोबरच आहे. पण त्याचा दुसरा भाग सगळा हिजड्यांवर होता. पोलिसांनी त्यांची नोंदवही ठेवायची. बाईचा पोशाख करून रस्त्यावर दिसले, नाचले-गायले, तर वॉरंटशिवाय अटक. नोंद झालेल्याने मूल दत्तक घ्यायचं नाही, मृत्युपत्र करायचं नाही. म्हणजे आपाने माझ्या बहिणीला मांडीवर घेऊन गाणं म्हटलं, तो उत्तरेकडच्या प्रांतांत एके काळी गुन्हा होता. कायदा गेला, पण 'हिजडे दिसले म्हणजे काहीतरी गडबड' ही पोलिसी नजर गेली नाही. ती नजर फोनवरून माझ्यापर्यंत आली आणि मी तिचं शुद्धलेखन तपासून छापायला पाठवली.

मध्य प्रदेशातल्या कटनीचं प्रकरण तर मी नोकरीत नसलो तरी कॉलेजात होतो तेव्हाचं. कमला जान तिथल्या महापौर म्हणून लोकांनी निवडून दिल्या. जागा महिलांसाठी राखीव होती. कुणीतरी कोर्टात गेलं आणि २००३ साली उच्च न्यायालयाने निवड रद्दच ठरवली, कारण कायद्याच्या नजरेत कमला जान पुरुष. गावाने मत दिलं होतं, ते वाया गेलं. तेव्हा ही बातमी आम्ही पोरांनी चेष्टेत वाचल्याचं स्पष्ट आठवतं.

आणि त्याच सुमारास, खरं तर थोडं पुढे, शेजारच्या देशात एक वेगळीच गोष्ट घडत होती. ती सांगताना माझ्या काही दोस्तांच्या कपाळावर आठ्या येतात. पाकिस्तानचं उदाहरण दिलं की आपल्या देशभक्तीचा हिशेब मागितला जातो, याची सवय आहे. तरी सांगतो. २००९च्या सुरुवातीला तक्षशिलेला पोलिसांनी ख्वाजासराांच्या एका टोळीला पकडून मारहाण केली, लुबाडलं. त्यावर सुप्रीम कोर्टात अर्ज केला तो डॉ. मुहम्मद अस्लम खाकी यांनी. कोण होते ते? वकील, आणि इस्लामी कायद्याचे अभ्यासक. त्यांना हे नवं काहीतरी वाटलं नसावं, कारण फिक्हच्या जुन्या ग्रंथांत 'खुन्सा'वर स्वतंत्र प्रकरणं आहेत. हनफी मदरशांतून शिकवल्या जाणाऱ्या 'हिदाया'तही आहे. नमाजेत त्याने कोणत्या रांगेत उभं राहायचं, वारसाहक्क किती, जनाजा कसा. जुन्या फकीहांची उत्तरं आज सगळी पटतीलच असं नाही, आणि खुन्सा म्हणजे आजच्या अर्थाने ट्रान्सजेंडर नव्हे, हेही खरं. पण त्यांनी प्रश्न विचारला होता. रांगेत जागा कुठली, असं विचारलं होतं. रांगेत जागाच नाही, असं म्हटलं नव्हतं. मुख्य न्यायमूर्ती इफ्तिखार चौधरी यांच्या कोर्टाने सरकारला ओळखपत्रावर वेगळा रकाना द्यायला लावला, वारसाहक्क आणि नोकऱ्यांबद्दल आदेश दिले. आपल्या सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल त्यानंतर, १५ एप्रिल २०१४ला आला.

नालसा निकालाबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालंय. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नाही. आणि सरकारांनी या समाजाला सामाजिक-शैक्षणिक मागास धरून आरक्षण द्यावं. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी आणि मुंबईच्या गौरी सावंत या लढ्यात होत्या, म्हणजे त्यात महाराष्ट्राचा हात मोठा. मला त्या निकालाच्या आधीचं वातावरण जास्त महत्त्वाचं वाटतं. वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं लक्ष्मींचं मराठी आत्मकथन २०१२ साली आलं. घराघरांत, वाचनालयांत गेलं. आमच्या ऑफिसातल्या, कपाळाला आठी घालून बातम्या तपासणाऱ्या एका मॅडमनी ते वाचून काढलं आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, 'तुमच्या भागात राहतात का हो असे लोक?' मी म्हणालो, 'राहायचे.'

निकालानंतर माध्यमांची भाषा बदलली, हे मान्य करायला हवं. कफ सिरपच्या जाहिराती करणाऱ्या विक्सने २०१७ साली गौरी सावंत आणि त्यांच्या लेकीची जाहिरात केली तेव्हा आमच्या घरात दोन माणसं रडली. 'नटरंग' करणाऱ्या रवी जाधवांनी २०२३ला गौरींवर 'ताली' केली. महाराणीपासून इथपर्यंत बत्तीस वर्षं लागली. पण चांगली बातमीसुद्धा एका ठरावीक साच्यातच येते. पहिली तृतीयपंथी सरपंच, पहिली तृतीयपंथी अमुक, पहिली तमुक. पहिलीचा फोटो येतो, हार घातलेला. दुसरीला भाड्याने खोली मिळाली का, हे कुणी विचारत नाही.

शब्दाचीही एक गंमत आहे. अलीकडे चॅनेलवाले सरसकट 'किन्नर' म्हणतात. २०१५मध्ये किन्नर आखाडा निघाला, कुंभमेळ्यात त्यांची मिरवणूक निघाली, कॅमेऱ्यांनी ती डोळे भरून दाखवली. दाखवावीच. पण हिजड्यांच्या घराण्यांत गुरू-चेल्याची जी रीत आहे, जानची नावं आहेत, अजमेरच्या उरूसाला जाणं आहे, हिंदू घरात जन्मलेल्या चेलीने मुसलमान गुरूच्या हाताखाली दोन्हीकडचे सण पाळणं आहे, ते सगळं त्या एका शब्दाने पडद्यावरून पुसलं गेलं. उलट्या बाजूने आमच्याकडचे काही जण म्हणतात, हे आपल्यातलं नाहीच. दोघांनाही आपा अडचणीची.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २०२२च्या हिवाळ्याआधी पाकिस्तानातले व्हिडिओ धडाधड यायला लागले. तिथे २०१८ साली ट्रान्सजेंडर हक्कांचा कायदा झाला होता. आपल्या २०१९च्या कायद्यापेक्षा काही बाबतींत उदार, कारण स्वतःची ओळख स्वतः सांगितली की पुरे. त्याच वर्षी मार्चमध्ये लाहोरच्या एका वाहिनीवर मार्विया मलिक बातम्या वाचायला बसली, ती छायाचित्रं जगभर गेली. त्याआधी २०१६मध्ये पेशावरला अलीशा नावाच्या कार्यकर्तीला गोळ्या लागल्या आणि इस्पितळात तिला बायकांच्या वॉर्डात ठेवायचं की पुरुषांच्या यावर घोळ चालला, ती वाचली नाही. त्या बातमीने लोक हलले होते. महिन्याभरात लाहोरच्या पन्नासेक मौलवींनी फतवा काढला की ख्वाजासराांना घराबाहेर काढणं, त्यांची टिंगल करणं गुनाह आहे आणि त्यांचा जनाजा इतर मुसलमानांसारखाच व्हायला हवा. कायद्याला संसदेत वाट मिळाली त्यात या सगळ्याचा वाटा होता, असं माझं मत.

आणि चार वर्षांनी तीच माध्यमं उलटी फिरली. सिनेटमध्ये सरकारने आकडा दिला होता की तीन वर्षांत साधारण २८ हजार लोकांनी ओळखपत्रावरचं लिंग बदलून घेतलं. झालं. यूट्यूबवर दाढीवाले, बिनदाढीवाले, सगळे ओरडू लागले, अठ्ठावीस हजार लोक बदलले, आता पुरुष पुरुषांशी निकाह लावणार. ओळखपत्रं देणाऱ्या खात्याने खुलासा केला की यातले बहुतेक अर्ज टायपिंगच्या चुका दुरुस्त करण्याचे होते, बाईच्या पुढे पुरुष पडलं होतं ते नीट केलं. तो खुलासा माझ्या ग्रुपवर कुणी टाकला नाही. मी टाकला, तर मामूंनी अंगठा दाखवला आणि खाली आणखी एक व्हिडिओ चिकटवला. मे २०२३मध्ये तिथल्या फेडरल शरियत कोर्टाने त्या कायद्याची मुख्य कलमं, स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचं आणि त्यानुसार वारसाहक्काचं, शरियतविरोधी ठरवली. त्याविरुद्ध अपिलं झाली. निकालाच्या तीन महिने आधी मार्विया मलिकवर तिच्या घराबाहेर गोळीबार झाला, ती वाचली. अठ्ठावीस हजारांचा आकडा तिच्या दारापर्यंत चालत आला, असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. पण कात्रण घेऊन चाचा आपाच्या दारात गेले, ते मला ठाऊक आहे.

मी आपाला शोधायला निघालो त्याला कारण मात्र पाकिस्तान नव्हे, २०२०चा एप्रिल. मरकजच्या बातम्या आठवत असतील. रोज सकाळी मथळा, रोज संध्याकाळी चॅनेल. माझा चुलतभाऊ हातगाडीवर फळं विकायचा, सावेडीकडच्या ज्या सोसायट्यांत तो दहा वर्षं जात होता तिथे त्याला फाटकावर नाव विचारून परत पाठवलं. आमच्याच जिल्ह्यात तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले होते. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांनी, ते गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी या लोकांविरुद्ध कसा प्रचार चालवला त्यावर कडक शब्दांत लिहिलं. मी तो निकाल छापून घेतला, दोनदा वाचला. भावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, 'भाई, ये वो सोसायटीके वॉचमनकू कौन पढके सुनाएगा?' 

त्या रात्री मला कात्रण आठवलं. 

काही महिन्यांनी, जानेवारी २०२१च्या सुरुवातीला, त्याच खंडपीठाचा दुसरा निकाल पेपरात दिसला. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीची ग्रामपंचायत निवडणूक. महिलांसाठी राखीव वॉर्डातून अंजली पाटील यांनी अर्ज भरला, निवडणूक अधिकाऱ्याने तृतीयपंथी म्हणून नाकारला. न्या. रवींद्र घुगे यांनी नालसा निकाल आणि २०१९चा कायदा पुढे ठेवून सांगितलं की त्यांनी स्त्री ही ओळख निवडली आहे, ती आयुष्यभर राहील असं लिहून दिलं आहे, अर्ज घ्या. त्या निवडूनही आल्या. कटनीपासून भादलीपर्यंत अठरा वर्षं. पण मी अडकलो ते खटल्याच्या नावात. कोर्टाच्या कागदावर नाव होतं, 'अंजली गुरू संजना जान'. आपण बापाचं नाव लावतो त्या जागी गुरूचं. न्यायालयाच्या दप्तरात ते तसंच्या तसं चढलं. १८७१मध्ये ज्यांची नावं गुन्हेगार म्हणून नोंदवली, त्यांची रीत दीडशे वर्षांनी अर्जदार म्हणून नोंदवली गेली.

आपा सापडायला फार कष्ट पडले नाहीत. कुणालाही विचारलं की सांगतात. लपून राहणं त्यांच्या नशिबात नसतं. खोली पत्र्याचीच, पण दारात तुळशीवृंदावनाइतक्या उंचीचं मोगऱ्याचं पिंप. ती थकली होती, गुडघे सुजलेले. मला ओळखलं. 'क्या रे मुन्ना, अम्मी कैसी है?' अम्मी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आपाने ओढणी डोक्यावर घेतली, हात उचलले, फातिहा पढली. मग बराच वेळ बहिणीचं विचारत राहिली.

मी कात्रण काढलं. कसं सुरू करावं याची बरीच तयारी करून गेलो होतो, ती कामाला आली नाही. म्हणालो, 'आपा, ये मैंने लिखा था.' तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणाली, पढ. मी वाचला. चारच शब्द. तिने विचारलं, 'धिंगाणा बोले तो?' मी अर्थ सांगितला. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'हम तो रपट लिखानेकू गए थे ना.' 

बाजारात दोन पोरांनी तिच्या चेलीला ओढून रिक्षात घातलं होतं, मारलं होतं, त्या दिवसाची कमाई आणि गळ्यातली साखळी काढून घेतली होती. चेलीच्या अंगावर धड कपडा नव्हता. या पाच जणी ठाण्यात तक्रार द्यायला गेल्या. हवालदार म्हणाला, तुमची कसली तक्रार. तास दीड तास उभ्या राहिल्या आणि मग टाळी वाजवली. 'मुन्ना, ताली बजाए तो बी नै सुने, नै बजाए तो बी नै सुने.' बस्स, एवढंच. तिने मला माफ केलं का, मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. चहा मात्र दिला, बशीत ओतून.

निघताना म्हणाली, तू लिखा-पढा है, एक काम कर. तिला कलेक्टरकडचा दाखला हवा होता. २०१९च्या कायद्यानुसार जिल्हाधिकारी तृतीयपंथी असल्याचं प्रमाणपत्र देतात, त्यासाठी पोर्टल आहे. त्या कायद्याबद्दल या समाजातल्या अनेकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं, ओळख ज्याची त्याने ठरवायची. मग मध्ये जिल्हाधिकारी कशाला? आणि ट्रान्सजेंडर व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. बाईवर बलात्काराला कमीत कमी दहा. आपाच्या त्या चेलीची किंमत कायद्याने आजही एवढीच लावली आहे. 'वो दो सालवाली बात रहने दे,' आपा म्हणाली, 'मेरेकू राशनका कागज होना.'

सेवा केंद्रात तीन फेऱ्या झाल्या. प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्याने विचारलं, वडिलांचं नाव? आपा गप्प. तिच्या बापाने तिला चौदाव्या वर्षी घराबाहेर काढलं होतं, तेवढं मला माहीत होतं. ती म्हणाली, गुरूका लिख. टायपिस्ट म्हणाला, चालत नाही. मी खिशातून भादलीच्या निकालाचा छापील कागद काढला आणि वरची ओळ दाखवली. त्याने चष्मा वर करून वाचलं, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि टाइप केलं. पत्रकारितेत इतकी वर्षं काढली, पण वाचलेला कागद कुणाच्या तरी कामी आल्याचं ते पहिलंच उदाहरण.

या दरम्यान एक गंमत झाली. डिसेंबर २०२२मध्ये पोलीस भरतीचं प्रकरण गाजत होतं. शिपाई भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष, दोनच पर्याय होते. आर्या पुजारी मॅटमध्ये गेल्या, न्या. मृदुला भाटकर यांनी तिसरा पर्याय द्यायला सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. अभय आहुजा यांनी इतकी वर्षं सरकार झोपलं होतं का, अशा अर्थाचं सुनावलं, तेव्हा कुठे रकाना आला आणि शारीरिक चाचणीचे नियम फेब्रुवारीअखेर करू असं कबूल झालं. ही बातमी मी आपाला वाचून दाखवली. ती आधी ऐकत राहिली, मग इतकी हसली की चेली आतून धावत आली. 'अपनी छोरी हवालदार बनेगी?' हसता हसता डोळे पुसत म्हणाली, 'तो रपट वोच लिखेगी.'

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला ही सगळी हकिकत कळली. तो आता मोठ्या पदावर आहे. म्हणाला, आपाची स्टोरी कर, फोटोसहित, रविवारची पुरवणी देतो. मी आपाला विचारलं. तिने पदर नीट केला, क्षणभर फोटोच्या विचाराने सुखावलीही असावी, आणि म्हणाली, 'नक्को. खोलीवाला पेपर पढता.' म्हणून इथे तिचं नाव नाही, गल्लीचंही नाही.

दाखला आला. तिने त्याच्यावर प्लास्टिक चढवून घेतलं आणि मला तीन झेरॉक्स काढायला लावल्या. एक रेशनसाठी, एक बँकेसाठी. तिसरी कशाला विचारलं तर म्हणाली, जमातके दफ्तरमें देनेकू. कब्रस्तानच्या रजिस्टरला आधी नाव लावून ठेवलं तर मेल्यावर जनाजा अडत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिच्या गुरूला रात्री उशिरा, लोकांची नजर चुकवून दफन करावं लागलं होतं.

मी तिला स्कूटरवर बसवून दफ्तरात घेऊन गेलो. तिथला मुन्शी भला माणूस, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. रजिस्टर उघडलं, त्यात मर्द, औरत आणि बच्चा असे तीन रकाने होते. त्याने झेरॉक्स उलटसुलट पाहिली, पेन हातात धरून बसला आणि म्हणाला, 'सदरसाहब आने दो.' सदरसाहेब एका लग्नाला औरंगाबादला गेले होते. त्याने कागद टाचणी लावून रजिस्टरमध्येच ठेवला आणि सोमवारी यायला सांगितलं. बाहेर आल्यावर आपाने विचारलं, 'सोमवारकू तू आएगा ना?' मी म्हणालो, येतो.